रोज बायबल वाचायची सवय लावायचीय? मग पहिल्या पानापासून सुरू करू नका

नवीन वर्ष आलं की उत्पत्ति १:१ पासून बायबल वाचायला घेणारे खूप जण असतात आणि त्यातले बरेचसे फेब्रुवारीत गळतात, आणि कुठल्या पानावर गळतात ते पण जवळजवळ ठरलेलं आहे. उत्पत्ति छान जातं, गोष्टीच आहेत सगळ्या, अब्राहाम, याकोब, योसेफ. निर्गमचे पहिले वीस अध्याय तर हातातून सुटत नाहीत. मग २५व्या अध्यायापासून निवासमंडपाची, म्हणजे देवाच्या उपासनेसाठीच्या तंबूची, मापं सुरू होतात, पडदे किती हात लांब, कड्या किती, खांबांच्या बैठका कशाच्या, आणि ३५च्या पुढे तेच सगळं परत येतं कारण आता ते लोक तो मंडप खरंच बनवायला बसलेत. तिथून कसंबसं बाहेर पडलं की समोर लेवीय. २७ अध्याय, अर्पणं, त्वचारोगाचे नियम, कुठला प्राणी शुद्ध कुठला अशुद्ध. बुकमार्क तिथेच राहतो आणि माणूस स्वतःला म्हणतो, आपल्यात शिस्तच नाही, आपला विश्वासच कमी पडतो.

विश्वासाचा इथे काही संबंध नाही हो, वाचायचा क्रम आणि रोजचा डोस चुकलेला असतो एवढंच. माझं मत असं की सवय लागते ती कमी वाचल्यामुळे, आणि उद्या काय वाचायचं ते आजच ठरलेलं असल्यामुळे. खाली जे लिहिलंय ते सगळं ह्या दोन गोष्टींसाठीच आहे.

आधी हातात काय आहे ते बघून घ्या

बायबल हे एकसलग पुस्तक नाही, वेगवेगळ्या काळातल्या, वेगवेगळ्या लोकांनी लिहिलेल्या पुस्तकांचा संग्रह आहे. प्रोटेस्टंट बायबलमध्ये ६६ पुस्तकं, जुन्या करारात ३९ आणि नव्या करारात २७. कॅथलिक बायबलमध्ये जुन्या करारात सात जास्त आहेत म्हणून ती ७३ होतात, नवा करार दोघांचा सारखाच. ६६ पुस्तकांचे मिळून अध्याय होतात ११८९, त्यातले ९२९ जुन्या करारात आणि २६० नव्या करारात. हा २६०चा आकडा लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

पहिल्या दिवशी वाचू नका, फक्त अनुक्रमणिका बघा. कायद्याची पुस्तकं कुठली, इतिहासाची कुठली, स्तोत्रं कुठे, संदेष्टे कुठे, शुभवर्तमानं (येशूचं आयुष्य सांगणारी पुस्तकं) चार कुठली, पत्रं कुठून सुरू होतात. नवीन माणूस सगळ्यात जास्त अडकतो ते 'योहान' आणि '१ योहान' मध्ये. योहान ३:१६ म्हणजे योहानाच्या शुभवर्तमानाचा तिसरा अध्याय, सोळावं वचन. १ योहान ३:१६ म्हणजे पार मागे, प्रकटीकरण ह्या शेवटच्या पुस्तकाच्या थोडं आधी असलेलं पत्र. यहोशवा आणि यहूदा हे पण असेच गोंधळात टाकतात, एक जुन्या करारातला लढायांचा इतिहास आणि दुसरं नव्या करारातलं एका अध्यायाचं पत्र.

अजून एक गोष्ट सुरुवातीलाच कळलेली बरी. अध्याय आणि वचनांचे आकडे मूळ लिखाणात नव्हते. अध्याय पाडले गेले तेराव्या शतकाच्या सुरुवातीला, आणि नव्या करारातले आज आपण वापरतो ते वचनांचे आकडे १५५१ मधल्या छापील आवृत्तीत आले. त्यामुळे अध्याय संपला म्हणजे मुद्दा संपला असं समजू नका, उत्पत्तितली सृष्टीची सात दिवसांची हकीकत दुसऱ्या अध्यायाच्या तिसऱ्या वचनात संपते, आणि यशयाचा प्रसिद्ध ५३वा अध्याय खरं तर ५२:१३ पासून सुरू होतो. 'रोज एक अध्याय' हे माप पण म्हणूनच फसवं आहे. स्तोत्र ११७ मध्ये दोन वचनं आहेत आणि त्यानंतर दोनच स्तोत्रं पुढे गेलात की ११९ मध्ये १७६.

प्रत कुठली घ्यायची? जी वाचताना तुम्हाला डोक्यात परत अर्थ लावत बसावं लागत नाही ती. जुन्या वळणाच्या भाषेचं बायबल ऐकत मोठे झाला असाल तर तेच घ्या, नसाल तर सोप्या भाषेतलं घ्या, त्यात कमीपणा काही नाही. अक्षर मोठं हवं. आणि निदान पहिलं वर्ष तरी एकच प्रत वापरा, कारण मग कुठलं वचन पानावर कुठे होतं ते डोळ्यांना आठवायला लागतं आणि शोधणं फार सोपं होतं.

सुरुवात कुठून

मार्क. चार शुभवर्तमानांत सगळ्यात छोटं, १६ अध्याय. मत्तय नव्या करारात पहिलं आहे खरं पण ते उघडल्या उघडल्या वंशावळ येते, अब्राहामापासून येशूपर्यंत चौदा-चौदा पिढ्यांचे तीन गट, आणि त्या नावांमागच्या गोष्टी अजून माहीत नसलेल्या माणसाला ती यादीच वाटते. मार्क असलं काही करत नाही. जन्माची कथा पण नाही, सरळ बाप्तिस्मा करणाऱ्या योहानापासून सुरू, आणि पहिल्याच अध्यायात येशूचा बाप्तिस्मा, परीक्षा, पहिले शिष्य, कफर्णहूममधला एक अख्खा दिवस आणि कुष्ठरोग्याला बरं करणं, एवढं सगळं होऊन जातं. रोज एक अध्याय घेतला तर दोन-अडीच आठवड्यात एक पुस्तक पूर्ण. एक आख्खं पुस्तक संपवल्याचं जे समाधान असतं ना ते नवीन माणसाला लवकर मिळालं पाहिजे.

(मार्कच्या शेवटी १६:९ पासून पुढचा भाग काही प्रतींमध्ये कंसात असतो किंवा तळटीप असते. घाबरू नका, छपाईची चूक नाही ती. सगळ्यात जुन्या काही हस्तलिखितांत तो भाग सापडत नाही म्हणून तशी खूण करतात.)

मार्क झाल्यावर फिलिप्पैकरांस पत्र, चारच अध्याय. मग लूक आणि त्याला लागूनच प्रेषितांची कृत्ये, कारण ही दोन्ही एकाच लेखकाची आहेत, दोन्ही थियफील नावाच्या माणसाला उद्देशून लिहिलेली, आणि मध्ये योहान आल्यामुळे बायबलमध्ये ती तुटलेली दिसतात. सलग वाचली की येशूपासून पौल हा प्रेषित रोमला पोहोचेपर्यंतची एक रेघ मिळते. तेवढं झालं की जुन्या करारात या. उत्पत्ति पूर्ण, निर्गम १ ते २०, मग रूथ आणि योना, प्रत्येकी चार अध्याय. नंतर परत नव्या करारात योहान, याकोबाचं पत्र, आणि मग रोमकरांस.

पत्रांचा क्रम बघून हे आधी लिहिलं ते नंतर असं समजू नका, पौलाची पत्रं साधारण लांबीप्रमाणे लावलीत, आधी मंडळ्यांना (चर्चना) लिहिलेली आणि मग व्यक्तींना लिहिलेली. रोमकरांस पहिलं आहे ते सगळ्यात मोठं म्हणून. फिलेमोन शेवटी कारण पंचवीस वचनांचंच आहे.

आणि हो, प्रकटीकरण आत्ता नको. सगळ्यांना तेच आधी वाचायचं असतं मला माहितीये, श्वापद, शिक्के, कर्णे. पण त्यातली जवळजवळ प्रत्येक प्रतिमा दानीएल, यहेज्केल, जखऱ्या आणि निर्गममधून उचललेली आहे, ते न वाचता प्रकटीकरणात शिरलात की मग इंटरनेटवर जो जोरात बोलेल त्याचा अर्थ खरा वाटायला लागतो.

किती वाचायचं

इथे बहुतेक सगळे स्वतःवर अन्याय करतात. पूर्ण बायबल एका वर्षात म्हणजे रोजचे सव्वातीन अध्याय. ऐकायला कमी वाटतं, आणि मोठ्याने वाचलं तर अख्खं बायबल ७०-८० तासांत होतं म्हणजे दिवसाला बारा-तेरा मिनिटंच, पण ती बारा-तेरा मिनिटं ३६५ दिवस, एकही सुट्टी न घेता, लेवीय आणि १ इतिहासच्या नऊ अध्यायांच्या वंशावळीसकट. स्कॉटलंडच्या मॅकशेन नावाच्या पाळकांनी १८४२ मध्ये आपल्या मंडळीसाठी एक तक्ता बनवला होता, रोज चार अध्याय, वर्षभरात जुना करार एकदा आणि नवा करार व स्तोत्रं दोनदा. आजही लोक तो वापरतात आणि तो चांगलाच आहे. पण पहिल्या वर्षासाठी नाही.

आता तो २६०चा आकडा घ्या. आठवड्याला पाच दिवस, रोज एक अध्याय, ५२ आठवडे, बरोबर २६०. म्हणजे दर आठवड्याला दोन दिवस सुट्टी घेऊन पण वर्षात अख्खा नवा करार होतो. वर सांगितलेल्या क्रमात मधूनमधून उत्पत्ति, रूथ वगैरे वाचलंत तर वर्षाच्या ऐवजी सव्वा-दीड वर्ष लागेल, लागू दे की.

ह्याच्या जोडीला एक किमान ठरवा. आजारी आहात, घरी पाहुणे आहेत, कामावरून रात्री अकराला आलात, अशा दिवशी पण जे होईलच होईल ते. माझ्या मते पाच वचनं पुरे. ठरवताना लाज वाटेल इतकं छोटं असायला हवं, कारण ते रोजचं टार्गेट नाहीये, दिवस अगदीच हातातून गेला तर सवयीचा धागा तुटू नये म्हणून आहे. चांगल्या दिवशी तीन अध्याय वाचा, कोणी अडवत नाही, फक्त दुसऱ्या दिवशीचा हिशोब त्यावरून वाढवू नका.

कधी आणि कुठे

'वेळ मिळाला की वाचेन' ह्याने आजपर्यंत कोणाचं झालेलं नाही. रोज आपोआप होणारी एखादी गोष्ट पकडा आणि तिच्या लगेच पुढे वाचन लावा. अंघोळ झाली की, ऑफिसला जाताना सीट मिळाली की, मुलं झोपली की. घड्याळातली वेळ ठरवली तर ती चुकल्यावर वाटतं आजचं गेलं, पण अंघोळ सातला झाली काय नि दहाला झाली काय, त्यानंतर वाचायचंय एवढंच.

सकाळच पाहिजे का? मंडळीत बरेचदा सकाळचाच आग्रह असतो, आणि मार्क १:३५ दाखवतात, येशू पहाटे अंधार असतानाच उठून प्रार्थनेला गेला. बरोबर आहे, ज्याला जमतं त्याला सकाळ उत्तमच. पण स्तोत्र १ मध्ये रात्रंदिवस मनन करणाऱ्याबद्दल बोललंय, आणि नाइट शिफ्टवाल्याने पहाटे पाचला डोळे ताणून वाचण्यात काही पुण्य नाही. एकच पथ्य पाळा, अंथरुणात आडवं पडून वाचू नका. ते वाचन होत नाही, झोपेची तयारी होते. बसून वाचा.

फोनवर वाचत असाल तर आधी एअरप्लेन मोड. यूव्हर्जनसारखी अ‍ॅप्स फुकट आहेत, मराठी बायबल आहे त्यात, रीडिंग प्लॅन आहेत, काही भाषांतरांचं ऑडिओ पण मिळतं, प्रवासात तर फारच सोयीचं. पण वरून मेसेज पडत राहिले की दुसऱ्या वचनाला तुम्ही चॅटमध्ये असता. आणि अ‍ॅपमधली ती सलग दिवसांची स्ट्रीक, सुरुवातीला मजा येते, मात्र आकडा मोठा झाला की माणूस रात्री ११:५५ला अ‍ॅप उघडून नुसतं स्क्रोल करतो, स्ट्रीक वाचवायला. असं होतंय असं वाटलं तर सरळ बंद करा ते फीचर. घरी तरी मी छापील प्रतच सुचवेन.

वाचून झालं की पुस्तक बंद करायच्या आधी बुकमार्क उद्याच्या भागावर ठेवायचा. दिसायला क्षुल्लक आहे पण दुसऱ्या दिवशी 'आज काय वाचू' ह्यात जी पाच-सात मिनिटं आणि सगळा उत्साह जातो तो वाचतो.

त्या दहा मिनिटांत नेमकं करायचं काय

एका वाक्याची प्रार्थना करा, समजायला मदत कर एवढी सुद्धा चालेल. भाग एकदा सरळ वाचून काढा, मध्ये थांबू नका. मग जमलं तर परत एकदा, ह्या वेळी ओठ हलवून, शक्य असेल तर मोठ्याने. मोठ्याने वाचलं की डोळा ओळी गाळू शकत नाही. त्यानंतर तीन साधे प्रश्न: कोण कोणाशी बोलतंय? देवाबद्दल किंवा येशूबद्दल इथे काय दिसतं? आणि मला कुठे अडखळल्यासारखं झालं?

करून दाखवतो. मार्क ४:३५-४१, वादळाची गोष्ट. सगळ्यांना माहिती असते, येशूने वादळ शांत केलं, पुढचं पान. आता सावकाश बघा. होडी पाण्याने भरत चाललीय आणि येशू मागच्या बाजूला उशी घेऊन झोपलाय, त्या उशीचा उल्लेख मार्कच करतो. शिष्य त्याला उठवून आम्हाला वाचव असं म्हणत नाहीत, ते विचारतात, आम्ही मरतोय ह्याची तुला काळजी नाही का. म्हणजे तक्रार आहे ती. मग वारा पडतो, पाणी निवांत होतं, आणि ४१व्या वचनात शिष्य फार घाबरले असं लिहिलंय. वादळ संपल्यावर! धोका गेला आणि भीती मात्र वाढली, कारण आता प्रश्न वाऱ्याचा राहिलाच नाही, होडीत आपल्याबरोबर बसलेला हा आहे तरी कोण असा झाला. हे सगळं सात वचनांत आहे, आणि हे दिसायला ग्रीक यावी लागत नाही, दोनदा वाचावं लागतं.

मग वहीत एक ओळ. तारीख, संदर्भ आणि एक ओळ, बस. 'मार्क ४, वादळ गेल्यावर जास्त घाबरले, का?' असं सुद्धा चालतं. पानभर मनन लिहायचा संकल्प करणारे आठवडाभरात वही पण सोडतात आणि वाचन पण.

जे कळलं नाही त्याच्या समोर पेन्सिलने प्रश्नचिन्ह करा आणि पुढे चला. तिथेच थांबून गूगल केलंत की अर्धा तास गेला आणि अध्याय तसाच राहिला. ही प्रश्नचिन्हं आठवड्यातून एकदा एकत्र बघा, निम्म्यांची उत्तरं पुढच्या वाचनात आपोआप मिळालेली असतात. उरलेली पाळकांना, फादरना किंवा मंडळीतल्या जाणत्या माणसाला विचारा. विचारायला संकोच वाटत असेल तर प्रेषितांची कृत्ये ८ वाचा, तिथे एक मोठा कूशी (आफ्रिकेतला) अधिकारी रथात बसून यशया वाचतोय, फिलिप्प त्याला विचारतो कळतंय का, आणि तो सरळ म्हणतो की कोणी समजावल्याशिवाय कसं कळणार.

एक सवय मात्र लावून घेऊ नका, डोळे मिटून कुठलंही पान उघडायचं आणि बोट पडेल ते आजचं वचन. तसंच सुटी वचनं उचलणं. यिर्मया २९:११ तुम्ही फ्रेममध्ये, स्टेटसवर शंभर वेळा बघितलं असेल, देवाच्या मनातले हिताचे संकल्प. ते बाबेलला धरून नेलेल्या लोकांना पाठवलेल्या पत्रातलं आहे, आणि त्याच्या आधीच्याच वचनात सत्तर वर्षं लागतील असं लिहिलंय. म्हणजे ऐकणाऱ्यांपैकी बरेच जण परत जाणारच नव्हते. आश्वासन खोटं नाही ठरत त्याने, पण त्याचं वजन बदलतं, आणि ते वजन अध्याय वाचल्याशिवाय हाताला लागत नाही.

दिवस चुकला तर

चुकणारच. भरून काढू नका.

खरंच, ह्या लेखातलं एकच ऐकायचं असेल तर हे ऐका. तारखा छापलेला प्लॅन असतो त्यात चार दिवस गेले की तेरा-चौदा अध्याय थकतात, मग रविवारी बसून सगळं मारून नेऊ असं ठरतं, रविवारी होत नाही, आणि मग थकबाकी बघूनच पुस्तक उघडायची इच्छा मरते. म्हणून तारखा नसलेला प्लॅन घ्या, नुसती अध्यायांची यादी, झालं की टिक. चार दिवसांनी आलात तर जिथे होतात तिथून पुढे. देवाकडे हजेरीपट नाहीये.

दोन महिने गॅप पडली तरी उत्पत्ति १:१ला परत जायचं नाही. ज्यांना दर वेळी पहिल्यापासून सुरू करायची खोड असते त्यांचं आदाम-हव्वा पाठ होतं आणि जुन्या करारातलं शेवटचं पुस्तक मलाखी कधीच दिसत नाही. पार मोडलीच असेल सवय तर एखादं छोटं पुस्तक घ्या, याकोब पाच अध्याय, ते संपवा, आणि मग जुन्या जागी परत या.

रटाळ आणि जड भाग

असतात, नाही कशाला म्हणायचं. वंशावळी आणि जमिनीच्या वाटण्या ऑडिओवर ऐका, डोळ्यांपेक्षा कानांना त्या सोप्या जातात. लेवीय घेताना आधी १६वा अध्याय, प्रायश्चित्ताचा दिवस, आणि १९वा, ज्यात शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर हे येतं, हे दोन वाचा, मग पहिल्यापासून. नंतर इब्री लोकांस पत्र वाचलंत की लेवीयचं सगळं सामान तिथे परत भेटतं.

संदेष्टे कळत नाहीत कारण आपण ते इतिहासाशिवाय वाचतो. आधी २ राजे वाचा. त्यात १७व्या अध्यायात अश्शूर उत्तरेच्या इस्राएल राज्याची राजधानी शोमरोन घेतो, ते साधारण इ.स.पू. ७२२, आणि २५व्यात बाबेल यरुशलेम जाळतो, इ.स.पू. ५८६च्या आसपास. आमोस आणि होशेय पहिल्या संकटाच्या आधी बोलतायत, यिर्मया दुसऱ्याच्या तोंडावर, हाग्गय आणि जखऱ्या लोक परत आल्यावर. एवढं डोक्यात असलं तरी अर्धं काम झालं.

आणि शास्ते १९ ते २१ सारखे हिंसेने भरलेले अध्याय वाचून अंगावर काटा आला तर तुमचं वाचन बरोबर चाललंय. ते भाग गोड करून सांगायची गरज नाही, पुस्तक स्वतःच शेवटच्या वचनात सांगतं की त्या काळी जो तो आपल्याला वाटेल तसं वागत होता.

कोणीतरी सोबत असू दे

मोठा ग्रुप नको, एक माणूस पुरे, नवरा, बायको, बहीण, मित्र. दोघांनी एकच पुस्तक वाचायचं आणि वहीतली ती एक ओळ एकमेकांना पाठवायची, त्यावर चर्चा झाली तर झाली. दुसऱ्याने चार दिवस पाठवलं नाही तर 'काय रे, बंद पडलं का' असं विचारू नका, तुमची ओळ पाठवत राहा. मुलांबरोबर वाचत असाल तर फक्त गोष्टीचे भाग, दहा वचनांच्या आत, आणि शेवटी तात्पर्य विचारायचं नाही, तुला काय विचित्र वाटलं ते विचारायचं.

स्टडी बायबलच्या तळटिपा, रोजच्या मननाची पुस्तिका, यूट्यूबवरचे संदेश, हे सगळं आधी मूळ भाग वाचून झाल्यावर. उलट क्रमाने केलंत की दुसऱ्याला काय दिसलं तेच तुम्हाला दिसणार.

नवा करार पूर्ण झाला की मग जुन्याचे ९२९ अध्याय. रोज दोन, आठवड्याला सहा दिवस, म्हणजे दीड वर्ष. तेव्हा मात्र उत्पत्तिपासून क्रमाने जायला हरकत नाही, निवासमंडपाची मापं तेव्हाही लांबलचकच वाटतील, पण तोपर्यंत इब्री वाचून झालेलं असेल, त्यामुळे तो पडदा कशासाठी आहे ते माहीत असेल.